रसायनशास्त्राच्या तासाला युक्तिवाद: बी.एड.च्या विद्यार्थ्यांना तो शिकवायचा कसा?

परीक्षानळी

नमस्कार. ठाण्यात एका बी.एड. महाविद्यालयात मी विज्ञान अध्यापन पद्धती शिकवते. सराव पाठ सुरू व्हायच्या आधी मुद्दाम हा धागा काढते आहे. इथे शाळेतले शिक्षक आहेत, एमआयडीसीत काम करणारे केमिस्ट आहेत, पालक आहेत, आणि बी.एड. करणारेही बरेच जण वाचतात.

रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी, एमएस्सी करून आलेल्या आमच्या छात्राध्यापकांना विषय येतो. समीकरणं तोंडपाठ असतात, फलकलेखन नेटकं असतं, प्रयोगाची मांडणीही चोख. अडतं ते मुलाचं उत्तर आल्यावर. अपेक्षित उत्तर आलं की "शाब्बास, बस खाली", आणि वेगळं आलं की "नाही, अजून कोण सांगेल?" दोन्ही वेळा संवाद तिथेच संपतो. बरोबर सांगणाऱ्याला ते कशावरून सुचलं हे कुणी विचारत नाही, आणि चुकलेल्याच्या डोक्यात काय होतं ते कधी कळतच नाही.

माझं म्हणणं असं की रसायनशास्त्राच्या भावी शिक्षकाला सगळ्यात जास्त सराव लागतो तो उत्तर आल्यानंतरच्या त्या दोन मिनिटांचा. आणि आपल्या प्रशिक्षणात नेमका त्याचाच सराव नाही. उलट सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठात, 'प्रबलन' (शाबासकी देऊन उत्तेजन) हे वेगळं कौशल्य म्हणून घोटून घेतलं जातं. ३६ मिनिटांचं चक्र सगळ्यांना माहीत आहे: ६ मिनिटं शिकवणं, ६ प्रत्याभरण (निरीक्षकाचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा शिकवणं, ६ पुन्हा प्रत्याभरण. निरीक्षक मागे बसून किती वेळा "छान", "बरोबर", "शाब्बास" म्हटलं त्याच्या खुणा करतो. खुणा जास्त तर पाठ चांगला. आता युक्तिवादाच्या बाजूने पाहा. शिक्षकाने "बरोबर" म्हटलं की बाकीच्या वर्गाला विचार करण्याचं कारणच उरत नाही.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७४ मध्ये दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. तोच विराम ३ सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, त्यांत कारणं येऊ लागतात, न बोलणारी मुलंही बोलू लागतात. मुलाचं उत्तर झाल्यावर शिक्षक किती थांबतो तेही तिने मोजलं होतं, आणि त्या दुसऱ्या विरामाचा परिणाम मोठा होता.

युक्तिवाद म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढे घोळ नको. स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाचा जो आराखडा मांडला तो विज्ञान शिक्षणात खूप वापरला जातो. दावा, त्यासाठीचा पुरावा, पुराव्यावरून दाव्यापर्यंत नेणारा दुवा, त्या दुव्यामागचा आधार, दावा कितपत खात्रीचा हे सांगणारी मर्यादा, आणि खंडन. सिबेल एर्दुरान, शर्ली सायमन आणि जोनाथन ऑसबोर्न यांनी २००४ मध्ये वर्गातल्या चर्चांची प्रत ठरवण्यासाठी यातलं खंडन हे मुख्य माप मानलं. मुलं नुसते दाव्यावर दावे करत असतील तर ती खालची पातळी, आणि समोरच्याच्या पुराव्याला किंवा दुव्याला हात घालत असतील तर वरची.

आता एक उदाहरण. पाण्याच्या ताटलीत पेटती मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. "का चढलं?" असं छात्राध्यापकांच्या कोणत्याही गटाला विचारा, उत्तर ठरलेलं: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पाणीही साधारण तेवढंच चढलं, गणित जुळलं. मी इथे "चूक" म्हणत नाही. दुसऱ्या ताटलीत एकाऐवजी तीन मेणबत्त्या आणि तसाच ग्लास ठेवते. पाणी जास्त चढतं. ग्लासात ऑक्सिजन तर तेवढाच होता! मग नीट बघायला सांगते: पाणी नेमकं कधी चढतं? ज्योत जळत असताना फारसं नाही, विझल्या-विझल्या भरकन. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडले का? मग कोणीतरी म्हणतं की हवा तापून बाहेर गेली, उरलेली गार होऊन आकसली. लगेच दुसरा विचारतो, "मग ऑक्सिजन गेला कुठे?" कार्बन डायऑक्साइड आणि वाफ झाला. त्यातली वाफ थंड होऊन पाणी होते, पण कार्बन डायऑक्साइड जागा अडवून बसतो. शिवाय ज्योत विझते तेव्हा ग्लासातला ऑक्सिजन सगळा संपलेला नसतोच.

यानंतर मी भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी पुढे करते, स्टेनलेसची नव्हे, गंजणारी. व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून परीक्षानळीच्या तळाशी बसवायची आणि नळी पाण्यात पालथी उभी करायची. एक-दोन दिवसांत पाणी खरंच सुमारे एक-पंचमांश चढतं, कारण इथे ऑक्सिजन गंजात अडकतो आणि बदल्यात कुठलाही वायू बाहेर येत नाही. एकाच वाक्याचा दावा, "ऑक्सिजन गेला म्हणून पाणी चढलं", घासणीच्या बाबतीत टिकतो आणि मेणबत्तीच्या बाबतीत पडतो. एमएस्सी झालेल्यांना इथे पहिल्यांदा एकमेकांशी खरोखर झटापट करावी लागते, आणि त्यांना ती हवीहवीशी वाटते.

रसायनशास्त्रात आणखी एक अडचण आहे. अॅलेक्स जॉनस्टन यांनी सांगितलेल्या तीन पातळ्या बी.एड.ला आपण शिकवतो: डोळ्यांना दिसणारी, कणांची, आणि चिन्हांची. आपला पुरावा पहिल्या पातळीवर असतो, दावा बहुतेक वेळा दुसऱ्या आणि लिहायचं तिसऱ्या. बुडबुडे दिसतात, रेणू दिसत नाहीत. म्हणून इथे दुवा जास्त जपून बांधावा लागतो, आणि शिक्षकाने तो वगळला की मुलांच्या हातात फक्त पाठांतर राहतं.

तर प्रश्न: शाळेत प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनो, हे ४० मिनिटांत बसतं का? आणि छात्राध्यापकांनो, तुमच्या मनात नेमकी कसली धास्ती असते?

ऐरोलीकर_बीएड

मॅडम, धास्ती कसली ते मी सांगते. दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांत मिळून २० आठवडे शाळेत जायचं असतं, त्यातले १६ याच वर्षी, त्यामुळे विषय अगदी अंगाशी आलेला आहे.

आमच्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, दोन मोठे रकाने असतात, अध्यापक कृती आणि विद्यार्थी कृती. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात मुलांनी काय उत्तर द्यायचं ते मी आदल्या रात्री घरी बसून लिहिते. "विद्यार्थी सांगतील: रासायनिक बदल." पाठाच्या वेळी कोणी दुसरंच काही बोललं तर ते उत्तर टाचणात नाही, आणि मागे बसलेल्या निरीक्षकांच्या हातात तर टाचणच आहे. मग माझी सगळी धडपड वर्गाला त्या लिहिलेल्या उत्तरापर्यंत ओढत नेण्याची असते. वर्गात चर्चा व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. पण चुकीच्या उत्तराला माझ्या कागदावर जागा नाही.

दुसरी भीती म्हणजे मुलांनी मला न येणारं विचारलं तर? तुमच्या मेणबत्तीच्या उदाहरणात मी स्वतः २१ टक्केवाली आहे. आज वाचल्यावर कळलं.

कळव्याची_बाई

धागा काढल्याबद्दल खूप आभार. मी कळव्याला माध्यमिक शाळेत आठवी ते दहावी विज्ञान शिकवते. वर्गात साठच्या वर मुलं, सेमी इंग्रजी.

परीक्षानळी ताई, ४० मिनिटं कुठली? हजेरी, वह्या, सूचना जाऊन तीस मिळाली तर नशीब. तरीही बसतं, पण रोज बसवायला जाऊ नये. एका धड्यात एक प्रश्न निवडायचा आणि त्याला पूर्ण तास द्यायचा. बाकीचं नेहमीसारखं शिकवायचं. दर तासाला चर्चा करायला गेलात तर पंधरा दिवसांत दमाल आणि सगळंच सोडून द्याल. नव्या शिक्षकांचं असं होताना मी पाहिलं आहे.

साठ मुलांत गट पाडत बसत नाही. बाकावरची दोघं एकमेकांशी बोलतात. फळ्यावर मी तीन दावे लिहिते, कोणाचे ते सांगत नाही. प्रत्येकाने वहीत एक निवडून खाली एक ओळ लिहायची: "मला असं वाटतं, कारण...". लिहून झाल्यावरच बोलायचं. आधी लिहिलं नाही तर वर्गातली चार हुशार मुलं बोलतात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात.

भाषेबद्दल एक सांगते, कारण बी.एड.ला हे कुणी सांगत नाही. सेमीच्या मुलांचं पुस्तक इंग्रजीत असतं, पण वाद त्यांना मराठीतच घालता येतो. "अगं पण मग झाकण लावलं असतं तर वजन कमी झालंच नसतं ना!" हे वाक्य त्या मुलीला इंग्रजीत सुचलं नसतं. सुचेपर्यंत तास संपला असता. मी बोलणं मराठीत होऊ देते, आणि शेवटची दहा मिनिटं तेच इंग्रजीत लिहायला देते. कार्बोनेट, प्रेसिपिटेट असे शब्द आपोआप मिसळतात. सराव पाठाला येणाऱ्या छात्राध्यापिका मुलांना "से इट इन इंग्लिश" म्हणून अडवतात तेव्हा फार वाईट वाटतं. मुलगा विचार करत होता आणि त्याला गप्प केलं.

आता माझा आवडता तास सांगते. गणपतीनंतरचा. आपल्याकडे पीओपीच्या मूर्तीच्या विसर्जनासाठी अमोनियम बायकार्बोनेट वापरण्याची पद्धत आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ती काढली. मुलं म्हणतात, "बाई, मूर्ती विरघळते." मी पीओपीच्या रंग न दिलेल्या तुकड्याची पूड आणते आणि काचेच्या बरणीत पाणी आणि अमोनियम बायकार्बोनेट घालून ती त्यात टाकते. बेकरीचं सामान मिळतं तिथे बेकरी अमोनिया म्हणून हे मिळतं. बारीक बुडबुडे येतात, अमोनियाचा वास येतो (खिडक्या उघड्या ठेवा), दुसऱ्या दिवशी तळाशी पांढरा गाळ.

फळ्यावरचे तीन दावे: पीओपी विरघळलं. पीओपीचा नुसता भुगा होऊन तळाशी बसला. पीओपी राहिलंच नाही, तळाशी दुसराच पदार्थ आहे.

पांढरी पूड टाकली आणि खाली पांढरा गाळ दिसतोय, त्यामुळे दुसऱ्या दाव्याला भरपूर मतं पडतात, आणि ते योग्यच आहे. डोळ्यांना तसंच दिसतं. मग मी विचारते, "हे तिन्ही दावे वेगळे करणारी एखादी चाचणी सांगा." आम्लाचा धडा झालेला असतो, कोणीतरी व्हिनेगर म्हणतंच. पीओपी हे कॅल्शियम सल्फेट, त्यावर व्हिनेगर घातलं तर काही होत नाही. गाळावर घातलं तर फसफसतं. म्हणजे कार्बोनेट. तिसरा दावा जिंकला.

रबाळे_लॅब

कळव्याच्या बाईंचा प्रतिसाद फार आवडला. मी नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काम करतो. शिक्षक नाही, पण या विषयावर मनापासून बोलायचं आहे.

बाई, तुमच्या तासाला मी विद्यार्थी असतो तर हात वर केला असता. गाळ फसफसला तो गाळामुळेच कशावरून? त्यात अमोनियम बायकार्बोनेटचं पाणी मुरलेलं आहे, आणि व्हिनेगर घातल्यावर तेही फसफसतं. दुसरं, बाजारातल्या पीओपीत आधीपासूनच चुनखडीची पूड मिसळलेली असेल तर? मग मूळ पूडही थोडी फसफसेल. तेव्हा गाळ गाळून तीन-चार वेळा साध्या पाण्याने धुवा. शेवटच्या धुवणावर व्हिनेगर घालून बघा. ते शांत राहिलं आणि गाळ फसफसला, तर पुरावा पक्का. मूळ पुडीचीही तीच चाचणी शेजारी करा.

आमच्याकडे रोज हेच चालतं. एखाद्या बॅचचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर आला तर तो खोडून परत टेस्ट करायला परवानगी नसते. आधी तपास. वजन बरोबर घेतलं का, स्टँडर्ड कुठलं, कॉलम कुठला, द्रावण किती वेळ ठेवलं होतं, आकडेमोड तपासली का. प्रत्येक शंकेला कागदावर उत्तर लागतं. त्यातून प्रयोगशाळेची चूक सापडली नाही तर बॅचमध्येच दोष आहे असं धरून उत्पादन विभागाचा तपास सुरू होतो. दावा, पुरावा, खंडन हे शब्द आम्ही वापरत नाही, पण काम तेच. नव्याने लागलेल्या एमएस्सी मुलांना टायट्रेशन येतं, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवता येतं. "हा आकडा खरा कशावरून?" या प्रश्नावर मात्र ती गोंधळतात, कारण तो त्यांना शाळेपासून कुणी विचारलेलाच नसतो.

कळव्याची_बाई

सर, धुवणाचा मुद्दा अगदी मान्य. पुढच्या वेळी मी तो स्वतःहून सांगणार नाही. गाळ न धुता आधी फसफसवून दाखवीन आणि विचारीन, "कोणाला शंका आहे का?" दहावीतल्या निदान दोघा-तिघांना येईल अशी खात्री आहे.

आणि पहिला दावा करणाऱ्यांसाठी अजून एक धागा सापडलाय: साध्या पाण्यात पीओपी लिटरला जेमतेम २ ग्रॅम विरघळतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. थोडं विरघळतं, त्याचं कार्बोनेट होऊन खाली बसतं, म्हणून आणखी थोडं विरघळतं. म्हणजे 'विरघळलं' म्हणणाऱ्यांचंही थोडं बरोबर होतं की!

खारघर_पालक

चर्चा छान चालली आहे, पण एक पालक म्हणून विचारतो, राग मानू नका. मुलगी यंदा दहावीला आहे. लेखी ८० मार्कांत हे कुठे येतं? तासभर मूर्तीवर चर्चा झाली आणि धातुविज्ञान मागे पडलं तर नुकसान मुलांचंच ना?

परीक्षानळी

खारघर_पालक, प्रश्न रास्त आहे आणि शाळेत गेल्यावर आमच्या छात्राध्यापकांना तो पहिल्या आठवड्यातच ऐकावा लागतो. म्हणून नीट उत्तर देते.

'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न दहावीच्या पेपरात वर्षानुवर्षं आहे. त्यात दावा आयता दिलेला असतो, मुलाने पुरावा आणि दुवा लिहायचा असतो. तुमच्या मुलीच्या पुस्तकातला शहाबादी फरशीचा प्रश्न घ्या. तुकड्यांची आम्लाशी अभिक्रिया सावकाश होते, पुडीची लवकर, का? "पुडीचं पृष्ठफळ जास्त असतं" एवढं लिहून मुलं थांबतात. पृष्ठफळाचा वेगाशी काय संबंध, हा दुवा गळतो आणि गुणही तिथेच जातात.

छात्राध्यापकांना मी हाच प्रश्न उलटा करून देते. दोन मुलं भांडताहेत. एक म्हणतो पूड लवकर संपली कारण पूड हलकी, म्हणजे कमी होती. दुसरी म्हणते कण लहान म्हणून. यांचं भांडण मिटवणारा प्रयोग सांगा. सारख्या वजनाचा तुकडा आणि पूड, सारखंच आम्ल, सारखंच तापमान. मग दुवा: आम्लाचे कण फक्त उघड्या भागावरच आदळू शकतात, तुकडा फोडला की आतला भाग उघडा पडतो. ज्या मुलाने हे भांडण एकदा मिटवलंय त्याला ते उत्तर पाठ करावं लागत नाही. आणि बाईंनी म्हटल्याप्रमाणे हे धड्याला एकदाच करायचं आहे, त्यामुळे धातुविज्ञान मागे पडणार नाही.

अकरावी_विज्ञान

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. थोडा विरोधी सूर लावतो, पण तो गांभीर्याने घ्यावा ही विनंती.

अणुरचना, आवर्तसारणी, बंध या गोष्टी शेकडो लोकांनी शंभर-दोनशे वर्षं खपून ठरवल्या आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाने त्यावर मत द्यावं ही अपेक्षाच मला पटत नाही. ज्ञान नसताना केलेला युक्तिवाद हा नुसता आत्मविश्वास असतो. तसली मुलं माझ्याकडे अकरावीत येतात, बोलतात भरपूर, पण मोल संकल्पना कच्ची. आधी शिकवा, मग वाद घालू द्या.

परीक्षानळी

सर, तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पुरावा हातात नसलेल्या विषयावर मुलांना बोलायला लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. "इलेक्ट्रॉन असतो की नसतो, चर्चा करा" असला पाठ मी नापास करीन. छात्राध्यापकाने प्रश्न निवडतानाच पाहायचं की मुलांकडे आत्ता असलेल्या ज्ञानावर आणि समोर ठेवलेल्या पुराव्यावर हा सुटू शकतो का. बाईंचा पीओपीचा प्रश्न आम्लाचा धडा झाल्यावर येतो, आधी नाही.

"आधी शिकवा, मग वाद" या क्रमाबद्दल मात्र मतभेद आहे. उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे, हे रॉजर ऑसबोर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी न्यूझीलंडमधल्या मुलांना विचारलं होतं, १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हवा, उष्णता, अशी उत्तरं आलीच, आणि पाण्याचे हायड्रोजन-ऑक्सिजन होतात असं म्हणणारी मुलं तर वरच्या वर्गांतही बरीच होती. म्हणजे सूत्र शिकल्यावर चूक गेली नाही, ती सूत्राच्या भाषेत बोलू लागली. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांना हा प्रश्न विचारून बघा. त्यांना पाण्याचं सूत्र नक्की येतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असता तर गॅसच्या शेगडीवर काय झालं असतं, हे खंडन त्यांना सुचतं का ते पाहा.

शिवाय हे सगळं बाहेरून आणलेलं नवं काही नाही. होशंगाबाद विज्ञान हा प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या खेड्यांतल्या शाळांत सुरू झाला. मुलं टोळ्या करून प्रयोग करायची, सगळ्यांचे निकाल फळ्यावर मांडायची, आणि ते जुळले नाहीत तर का, यावर बोलायची. त्यासाठी शिक्षकांना सुट्ट्यांत बोलावून आधी त्यांच्याकडूनच ते प्रयोग करून घेतले जायचे. आपल्याला तर वाशीनंतरचं पुढचं स्टेशन मानखुर्द, तिथे १९७४ मध्ये स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. खाडी ओलांडली की झालं.

अकरावी_विज्ञान

बुडबुड्यांचा प्रश्न उद्याच विचारतो. पुराव्यावर सुटणारा प्रश्न हवा, ही अट घातलीत तर माझा आक्षेप बराचसा मावळतो. फक्त ती अट छात्राध्यापकांना लेखी द्या. उत्साहाच्या भरात ती पहिली सुटते.

कोपरखैरणे_सेक्टर

वाचनमात्र होतो, पण राहवलं नाही. मी यंदा बी.एड.ला प्रवेश घेतला आहे. आमच्याकडे थंडीत रात्री कधी कधी रसायनांसारखा उग्र वास येतो. सोसायटीच्या ग्रुपवर दर वेळी "कंपन्यांनी वायू सोडला" हेच चालतं. हा विषय वर्गात घेता येईल का? मुलांच्या रोजच्या जगण्यातला आहे.

रबाळे_लॅब

घ्या, जरूर घ्या, पण तयारीने. कारण इथे पुरावा म्हणून फक्त नाक आहे.

एकापेक्षा जास्त दावे मांडायला लावा. कारखाने हा एक. खाडी हा दुसरा: खारफुटीच्या चिखलात ऑक्सिजन नसतो, तिथले जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि ओहोटीला चिखल उघडा पडला की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. नाला किंवा जाळलेला कचरा हा तिसरा. मग विचारा, कोणता पुरावा यांना वेगळं करेल? वास सडक्या अंड्यांचा की थिनरसारखा? त्या वेळी भरती होती की ओहोटी? वारा कुठून होता? थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, त्यामुळे दिवसा विरून जाणारा वास रात्री साचतो. म्हणजे 'रात्रीच येतो, म्हणून रात्रीच सोडतात' हा दुवा आपोआप सिद्ध होत नाही. तो खोटा आहे असंही मी म्हणत नाही. दोन्ही शक्य आहेत आणि ठरवायला नोंदी लागतील. मुलांनी महिनाभर वेळ, वारा, भरती-ओहोटी आणि वासाचा प्रकार वहीत लिहिला तर ती नोंद घेऊन तक्रारही जास्त वजनाने करता येईल.

एक धोक्याची सूचना: वास कुठून येतो ते शोधायला मुलांना कुठेही पाठवू नका. हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा असताना वास येतो, पण प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होऊन वास येईनासा होतो. हेही वर्गात सांगाच.

ऐरोलीकर_बीएड

सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. पुढच्या आठवड्यात नववीवर माझा पाठ आहे, वस्तुमान अक्षय्यतेचा. विचार असा आहे: डिजिटल काट्यावर बाटली, आत व्हिनेगर, वर फुग्यात खाण्याचा सोडा. आधी फुगा न लावता सोडा थेट टाकायचा, वजन कमी होतं. मग फुगा लावून, वजन तेवढंच राहतं. मुलांसमोर दोन दावे: "अभिक्रियेत वजन कमी होतं" आणि "वजन तेवढंच राहतं". मॅडम, टाचणात विद्यार्थी कृतीच्या रकान्यात मी दोन्ही बाजूंची उत्तरं लिहिणार आहे, चुकीचंही, आणि त्यावर मी काय विचारणार तेही. चालेल ना?

परीक्षानळी

चालेल, आणि माझ्या गटातल्या सगळ्यांना मी आता तसंच लिहायला सांगणार आहे. चुकीच्या उत्तराला 'संभाव्य उत्तर' म्हणा आणि त्याच्यासमोर तुमचा पुढचा प्रश्न लिहा. निरीक्षण तक्त्यात "शाब्बास"च्या खुणांऐवजी मी वेगळं बघणार आहे. मुलाने दावा केल्यावर तुम्ही "कशावरून?" विचारलं का. एका मुलाने दुसऱ्या मुलाला उद्देशून काही म्हटलं का. फळ्यावर चुकीचा दावाही तितक्याच नीट अक्षरात लिहिला का. आणि बरोबर उत्तर आल्यावर तुम्ही निदान आणखी एक मत घेईपर्यंत चेहरा स्थिर ठेवला का. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मुलं शिक्षकाचा चेहरा वाचून मत बदलतात. सूक्ष्म अध्यापनाच्या ६ मिनिटांत फक्त याचाच सराव करा, पाच जणी विद्यार्थी होऊन बसा आणि मुद्दाम चुकीची बाजू लढवा.

न येणारं कोणी विचारलं तर "हे मला माहीत नाही, आपण कसं शोधू?" असं म्हणण्याने पाठाचे गुण जाणार नाहीत. हे मी निरीक्षक म्हणून लिहून देते.

रबाळे_लॅब

ऐरोलीकर, प्रयोग छान, पण फुगा फुगल्यावर वजन काट्यावर किंचित कमी दिसेल आणि मुलं तेच पकडतील. फुगलेला फुगा स्वतःच्या आकाराएवढी हवा बाजूला सारतो, ती हवा त्याला थोडं वर उचलते. एक लिटर फुगला तर साधारण सव्वा ग्रॅम. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा असेल तर हे स्पष्ट दिसणार. फुग्याऐवजी घट्ट झाकणाची जाड प्लॅस्टिकची सोड्याची बाटली घ्या, काच नको. सोडा अगदी थोडा, अर्धा चमचा पुरे, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून आत टाका म्हणजे झाकण लावायला वेळ मिळेल. वजन झाल्यावर झाकण हळूच सैल करा आणि बाटली काट्यावरून न हलवता आकडा उतरताना दाखवा.

ऐरोलीकर_बीएड

सर, हे फार मोलाचं. बाटलीच घेते. पण फुग्याचाही प्रयोग शेवटी ठेवू का? बंद बाटलीत वजन तेवढंच, फुग्यात मात्र ग्रॅमभर कमी, दोन्हीकडून वायू बाहेर गेलेला नाही. नववीला हवेच्या उचलण्याचा दुवा सापडेल का?

कळव्याची_बाई

सापडेल, तरंगणं त्यांना माहीत आहे. तास संपायला पाच मिनिटं असताना दाखव, उत्तर सांगू नकोस, घरी विचार करून या म्हण. दुसऱ्या दिवशी तुझा पाठ नसला तरी वर्गात जा. आमच्या शाळेत असशील तर माझा तास घे.